भूल एकीची लवकर उतरते, दुसरीची उशिरा – असं का?

एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरांकडून, एकाच दिवशी दोघीजणींनी दाढ काढून घेतली, तरी दोघींचा अनुभव सारखा असेलच असं नाही. एकीचा ओठ दोन-अडीच तासांत ठिकाणावर येतो आणि ती चहाचं आधण ठेवायला मोकळी होते. दुसरीचा ओठ दिवेलागणीपर्यंत जड, बोलताना शब्द घरंगळतात, पाणी प्यायलं तर निम्मं पदरावर! बाळंतपणात कमरेतून इंजेक्शन घेतलेल्या जावाजावांचंही तेच. थोरलीचे पाय दोन तासांत हलू लागले, धाकटीला चार तास लागले. आणि मग त्यावर आपल्याकडे जे शेरे निघतात ते तर विचारूच नका! जिची भूल लवकर उतरली ती ‘नाजूक’, जिची उशिरा उतरली तिला ‘औषध जास्त झालं’, आणि जिला भूल नीट चढलीच नाही तिच्यावर तर कुणाचा विश्वासच बसत नाही.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेली, सकाळी घर आणि दुपारी शाळेतले चार तास सांभाळणारी, तुमच्यासारखीच एक गृहिणी. पण आमच्या शाळेतल्या एका बाईंना दाढ काढताना “दुखतंय हो” म्हटल्यावर “भूल दिली आहे, दुखणं शक्यच नाही, तुम्ही उगीच घाबरताय” असं उत्तर मिळालं, आणि त्या महिनाभर स्वतःलाच भित्री म्हणत राहिल्या. त्यांचं ते बोलणं मला काही पटेना. म्हणून वाचायला घेतलं, ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ बाईंना गाठून शंका विचारल्या. त्यातून जे उमगलं ते थोडक्यात असं : भूल किती चढणार आणि किती वेळ टिकणार, हे औषधावर, ते कुठे दिलं त्या जागेवर आणि ज्याच्या त्याच्या शरीराच्या घडणीवर ठरतं. धीट आणि भित्रा हा हिशेब तिथे चालत नाही.

आतून लागणारी कडी

पोळी उलटताना बोट तव्याला लागलं की आपण झटकन हात मागे घेतो. बोटाचा निरोप मज्जातंतूंतून मेंदूकडे धावतो म्हणून हे होतं. (बोलताना आपण सगळ्यालाच ‘नस’ म्हणतो, पण रक्ताची ती शीर, आणि निरोप नेणारा तो मज्जातंतू, हे मात्र ध्यानात ठेवू या.) मज्जातंतूला पुष्कळदा विजेच्या तारेची उपमा देतात, पण इथला निरोप चालतो मिठाच्या जोरावर. तंतूच्या आवरणात असंख्य सूक्ष्म दारं असतात. एक दार उघडलं की मिठातलं सोडियम आत शिरतं, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. असा हा निरोप दारोदार करत मेंदूशी पोचतो.

जागेपुरत्या भुलेचं औषध या दारांना कडी लावतं, तीही आतल्या बाजूने. म्हणजे औषधाला आधी तंतूचं तेलकट आवरण ओलांडून आत जावं लागतं. आत गेलं, कडी लागली, की निरोप तिथेच अडला. बोट जागेवर आहे, जखम जागेवर आहे, पण मेंदूला पत्ताच नाही!

मग भूल उतरते कशी? आपल्याला वाटतं, औषध तिथल्या तिथे विरून जात असेल. तसं नाही. त्या जागेतून वाहणारं रक्त औषध हळूहळू उचलून नेतं, आणि लिग्नोकेनसारख्या औषधांची पुढची विल्हेवाट यकृतात लागते. जसजसं औषध कमी होतं, तसतशा कड्या निघतात. म्हणून ‘भूल किती वेळ?’ याचा अर्थ ‘औषध तंतूपाशी किती वेळ राहिलं?’ एवढाच. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

औषधाऔषधांत फरक

डोळ्यात कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ साली दाखवलं. तिथून जागेपुरत्या भुलेची सुरुवात झाली. १८९८ साली जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यातून भूल देऊन पाहिली, आणि मग आपल्या मदतनिसावरच प्रयोग केला. नडगीवर ठोकलं तरी त्याला कळेना, पण सुमारे पाऊण तासात सगळं भान परत आलं. पुढे १९४३ साली स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. तेच आपल्या ओळखीचं ‘झायलोकेन’. त्यानंतर १९५७ साली स्वीडनमध्येच ब्युपिवाकेन तयार झालं.

या शेवटच्या दोघांतला फरक समजायला आपलं कपाटातलं ज्ञान पुरतं. साडीवर चहा सांडला तर लगेच धुतल्यावर बराचसा निघतो, पण तेलाचा डाग धागाच धरून बसतो. ब्युपिवाकेन लिग्नोकेनपेक्षा पुष्कळ ‘तेलकट’ स्वभावाचं. ते तंतूच्या आवरणात मुरतं, तिथल्या प्रथिनांना घट्ट धरून राहतं, आणि रक्ताला ते धुऊन न्यायला वेळ लागतो. म्हणून जखम शिवायला साधं लिग्नोकेन टोचलं तर ते अर्धा ते एक तास पुरतं. उलट, मनगटाच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी खांद्याजवळ किंवा काखेत ब्युपिवाकेन दिलं, तर हात १२ तास, कधी १८ आणि कधी २४ तासही बधिर राहू शकतो.

शिवाय औषधात काय मिसळलं आहे, हेही पाहायचं. दाताचे डॉक्टर लिग्नोकेनमध्ये बहुधा अ‍ॅड्रिनलिन घालतात. त्याने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, औषध वाहून जाण्याचा वेग मंदावतो, आणि भूल जास्त टिकते. अशा इंजेक्शनाने खालच्या जबड्यातला दात तास-दीड तास बधिर राहतो, तर ओठ आणि जीभ तीन ते पाच तास. म्हणजे दात जागा झालेला, आणि ओठ मात्र अजून झोपलेला, असं होऊ शकतं! ‘ओठ बधिर आहे, मग दाढ कशी दुखते?’ या प्रश्नाचं एक उत्तर इथेच मिळतं. हातापायाच्या भुलेत काही वेळा डेक्सामेथाझोन हे औषधही देतात, त्यानेही भूल काही तासांनी लांबते. ज्यांना हृदयविकार किंवा जास्त रक्तदाब आहे त्यांच्यासाठी डॉक्टर अ‍ॅड्रिनलिनचं प्रमाण कमी करतात किंवा ते टाळतात. साहजिकच अशांची भूल शेजारणीपेक्षा लवकर उतरते.

जागा कोणती, आणि सुई कुठवर?

शरीराच्या सगळ्या भागांत रक्त सारखं खेळत नाही. फासळ्यांच्या मधल्या जागेतून औषध भराभर शोषलं जातं. मांडीच्या मागच्या मोठ्या मज्जातंतूभोवती ते सावकाश शोषलं जातं, म्हणून पायाची भूल बहुधा हातापेक्षाही जास्त रेंगाळते. हिरड्यांत आणि चेहऱ्यात रक्त भरपूर. चेहऱ्यावरच्या लहानशा जखमेतूनही किती रक्त येतं, ते पोरांच्या खेळातल्या पडण्या-झडण्यात आपण पाहतोच.

दुसरी गोष्ट अंतराची. औषध तंतूच्या अगदी जवळ पडलं तर थोडंही पुरतं. तेच चार-पाच मिलिमीटर बाजूला पडलं तर उशिरा चढतं, अपुरं चढतं आणि लवकर उतरतं. खालच्या दाढांसाठी इंजेक्शन देताना डॉक्टर जबड्याच्या खुणांवरून तंतूच्या जागेचा अंदाज घेतात. पण प्रत्येकाचा जबडा वेगळा! कुणाचा तंतू किंचित वर, कुणाचा मागे, आणि कुणाच्या दाढेला दुसरीकडूनही एखादी बारीक शाखा येते. नेहमीच्या जागी, नेहमीच्या हाताने दिलेली भूलही मग एखादीला पुरत नाही. यात डॉक्टरांचा दोष असतोच असं नाही, आणि तुमचा तर नसतोच नसतो. हातापायाच्या भुलेसाठी आता बऱ्याच ठिकाणी सोनोग्राफीच्या पडद्यावर तंतू बघून सुई नेतात, त्यामुळे अंदाजाचा भाग पुष्कळ कमी झाला आहे.

कमरेतल्या इंजेक्शनाची तऱ्हा निराळी. सिझेरियनसाठी वापरतात त्या ‘हेवी’ ब्युपिवाकेनमध्ये ग्लुकोजसारखी साखर असते. पाण्यात पाक सोडला की तो तळाशी जातो ना, तसं हे औषध कण्याभोवतीच्या पाण्यात खालच्या बाजूला उतरतं. म्हणून तर इंजेक्शननंतर भूलतज्ज्ञ आपल्याला कुशीवर, उताणं, उशी देऊन किंवा काढून निजवतात. ते पाणी कुणात जास्त, कुणात कमी. कमी असेल तिथे तेवढंच औषध दाट राहतं आणि वरपर्यंत चढतं. गरोदरपणात हे पाणी कमी झालेलं असतं, शिवाय मज्जातंतूही औषधाला लवकर दाद देतात. त्यामुळे गरोदर बाईला इतरांपेक्षा कमी औषध पुरतं. साधारणपणे दोन ते चार तासांत पाय परत आपले होतात.

सूज असेल तर

ठणकणाऱ्या, सुजलेल्या दाढेला भूल चढत नाही, हा अनुभव अनेकींचा आहे. जिथे सूज आणि पू असतो तिथली जागा आंबट होते. अगदी रसायनशास्त्राच्या अर्थाने आंबट बरं का, म्हणजे आम्लधर्मी. अशा ठिकाणी औषधाचं रूप पालटतं आणि त्याला तंतूचं तेलकट आवरण ओलांडता येत नाही. दाराशी पोचलेला पाहुणा उंबऱ्याबाहेरच तिष्ठत राहतो, मग आतून कडी कोण लावणार? त्यात सुजेमुळे रक्त जास्त, म्हणजे औषध वाहून जाण्याची घाई, आणि आधीच चिडलेला मज्जातंतू. अशा वेळी डॉक्टर सुजेपासून दूर, तंतूच्या वरच्या टप्प्यावर भूल देतात, जास्तीचं इंजेक्शन देतात किंवा आधी पू काढून टाकतात. आपल्याकडून एवढंच करायचं : दाढ किरकिरू लागली की महिनोन्‌महिने लवंगेच्या बोळ्यावर काढायचे नाहीत. दुखणं लहान असताना गेलं तर भूलही नीट चढते.

ज्याची त्याची घडण

आता शरीराकडे वळू. वय वाढतं तसं मज्जातंतूंचं संख्याबळ आणि औषध हटवण्याचा वेग दोन्ही कमी होतं. सासूबाईंचा हात सुनेपेक्षा जास्त वेळ बधिर राहिला तर त्यात नवल नाही. जुन्या मधुमेहाने ज्यांचे पाय मुंग्या येऊन बोथटले आहेत, त्यांचे तंतू भुलेला जास्त हळवे असतात आणि भूल जास्त टिकते. म्हणून मधुमेह आहे हे तर सांगायचंच, पण तळव्यांना मुंग्या येतात हेही आवर्जून सांगायचं.

काहींना उलट त्रास. जन्मजात सांधे फार सैल, कातडी फार ताणली जाणारी, अशी घडण एका आजारात असते. त्याला एलर्स-डॅन्लॉस म्हणतात. या लोकांत जागेपुरती भूल अपुरी पडते किंवा लवकर उतरते, अशा नोंदी आहेत. क्वचित एखाद्याच्या सोडियमच्या दारांची ठेवणच आनुवंशिकतेने वेगळी असते. ‘आमच्या घरात कुणालाच दाताची भूल चढत नाही’ हे वाक्य म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

आणि आता ऐका, आपल्या मुलखातली गोष्ट. विंचू! कोकणात आणि देशावर लहानपण गेलेल्या कितीतरी जणींना सरपण काढताना, न्हाणीघरात, नाहीतर चपलेत दबा धरून बसलेला विंचू चावलेला असतो. कोकणातल्या लाल विंचवाचं विष तर जिवावर बेतणारं. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असंख्य प्राण वाचवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचं विष काम करतं ते मज्जातंतूंच्या त्याच सोडियमच्या दारांवर. २०१३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅनस्थेशिया’ या नियतकालिकात आपल्या भूलतज्ज्ञांनी एक अभ्यास मांडला. पूर्वी विंचू चावलेल्या रुग्णांत कमरेतली भूल उशिरा चढते, अपुरी चढते किंवा चढतच नाही, असं त्यांना दिसलं. अभ्यास लहान आहे, त्यामुळे विंचू चावलेल्या प्रत्येकीने धास्ती घ्यायचं कारण नाही. पण भूलतज्ज्ञ तपासायला आले की ‘मला लहानपणी दोनदा विंचू चावला होता’ एवढं सांगायला काय हरकत आहे? ते दुसरी तयारी हाताशी ठेवू शकतील.

‘दुखतंय’ म्हणायला लाजू नका

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपल्याला लहानपणापासून सोसायला शिकवलेलं. टेबलावरही आपण ओठ दाबून सोसतो, आणि वर ‘डॉक्टरांना उगाच त्रास’ म्हणतो. भीतीने दुखणं जास्त जाणवतं हे खरं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्या. सिझेरियनमध्ये किंवा दात काढताना हात लागल्याचं, दाबल्याचं, ओढल्याचं कळतं. ते चालायचंच. टोचल्याचं, कापल्याचं दुखणं मात्र कळता कामा नये. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांनी २०२२ साली या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. चिरा देण्याआधी भूल पुरती चढली आहे का ते तपासावं, आणि आई दुखतंय म्हणाली तर ते खरं मानून उपाय करावा, असा त्याचा रोख आहे. उपाय असतातही : हात थांबवणं, शिरेतून वेदनाशामक देणं, आणि गरज पडली तर पूर्ण भूल. पण आपण बोललोच नाही, तर त्यांना कळणार कसं? तसंच, इंजेक्शन चालू असताना कानात गुंजलं, जीभ आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडाला धातूची चव आली, तर तेही त्याच क्षणी सांगा. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते.

घरी आल्यावर

भूल अजून उतरायची असते आणि आपण पदर खोचून ओट्याशी उभ्या! इथे अपघात होतात. हात बधिर असेल तर तो झोळीत ठेवा, गॅसजवळ जाऊ नका, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेऊ नका. भाजलं तरी कळणार नाही. दाताची भूल असेल तर ओठ पूर्ण जागा होईपर्यंत चावून खायचं नाही, गरम चहाही नाही. मुलांच्या बाबतीत तर डोळ्यात तेल घालून बघा. गंमत वाटते म्हणून ती बधिर ओठ चावत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी ओठ पुरीसारखा फुगतो. कमरेतल्या भुलेनंतर पहिल्यांदा उठताना कुणाचा तरी हात धरूनच उठा.

हाताची किंवा पायाची लांबणारी भूल पुष्कळदा मध्यरात्री उतरते, आणि मग दुखणं एकदम उसळतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी, ‘अजून दुखत नाही ना’ म्हणून टाळू नका. त्यांनी सांगितलेल्या वेळेला, भूल उतरण्याच्या आधीच घ्या.

काळजी कधी करायची? कमरेतलं इंजेक्शन देऊन चार तास झाले तरी पाय सरळ उचलता येत नसेल, तर लगेच नर्सला सांगा. दाताची भूल दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच असेल, किंवा हातापायाची भूल डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटून गेली तरी उतरत नसेल, तर दवाखान्यात कळवा.

आणि शेवटी एक साधी सवय. घरातल्या प्रत्येकाच्या लसीची, चष्म्याच्या नंबराची नोंद आपण ज्या वहीत ठेवतो, तिच्यात भुलेसाठीही एक पान राखा. तारीख, कशासाठी, कोणतं औषध (हे नाव डॉक्टरांना विचारून घ्यावं), किती वाजता दिलं, किती वाजता उतरलं, आणि मधे दुखलं का. विंचू, मधुमेह, सैल सांधे असं काही असेल तर तेही वर लिहून ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्या. ‘मला भूल लवकर उतरते हो’ हे नुसतं सांगणं वेगळं, आणि ‘मागच्या खेपेला अमुक औषध दिलं होतं, चाळीस मिनिटांत उतरलं’ हे सांगणं वेगळं. दुसरं ऐकलं की डॉक्टर पेन उचलतात, आणि औषध ठरवताना तुमच्या शरीराचा विचार करतात.